विंडोजवरून मॅकवर आल्यावर माऊस हाताशी पुन्हा कसा जुळवावा

मी पुस्तकांची पानं लावते. चौदा वर्षं हे काम विंडोजवर केलं आणि मग एका कामापुरता म्हणून मॅक घेतला, तो कायमचाच झाला. कळफलक वेगळा असणार, कंट्रोलच्या जागी कमांड येणार, याची मनाची तयारी होती. माऊसचा मात्र विचारसुद्धा केला नव्हता, कारण माऊस तोच होता. जुन्या मशीनचा काढून नव्याला लावला, इतकंच. पहिल्या दिवशी एका शब्दातली वेलांटी सुधारायला गेले, तर बाण दोन अक्षरं अलीकडेच थांबला. जरा जोर लावला तर खालच्या ओळीत गेला. एरवी अर्ध्या तासात होणाऱ्या चार पानांच्या दुरुस्तीला दीड तास लागला. संध्याकाळी मनगट ठणकत होतं आणि आपल्या हातालाच काहीतरी झालंय असं वाटत होतं.

हाताला काहीही झालेलं नसतं. इतक्या वर्षांत हाताने एक हिशोब पाठ केलेला असतो: एवढं सरकवलं की बाण तेवढा जातो. हा हिशोब माऊसमध्ये नसतो, संगणकाच्या सिस्टिममध्ये असतो, आणि सिस्टिम बदलली की तो बदलतो. तो बराचसा परत मिळवता येतो. मात्र सेटिंगची सगळी बटणं एकदम फिरवली तर काहीच हाती लागत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान दोन दिवस तिच्याबरोबर काम करा. मी हे उलट्या क्रमाने शिकले, म्हणून आधीच सांगते.

बाण चालतो कसा

माऊस सरकवला की तो संगणकाला फक्त आकडे पाठवतो. तुमचा माऊस ८०० डीपीआयचा असेल, तर एक इंच सरकवल्यावर साधारण ८०० आकडे जातात. एका आकड्याला एक पिक्सेल असा सरळ हिशोब धरला, तर १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा डावीकडून उजवीकडे पार करायला २.४ इंच, म्हणजे जेमतेम ६ सेंटिमीटर हात हलवावा लागेल. ४के पडदा ३८४० पिक्सेलचा असतो, त्याला दुप्पट, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर लागतील.

पण बहुतेक सिस्टिम इतका सरळ हिशोब ठेवत नाहीत. हात किती वेगाने हलला हेही त्या बघतात. हळू हलवला तर बाण अंतराच्या मानाने कमी जातो आणि झटक्यात हलवला तर जास्त. याला ॲक्सलरेशन म्हणतात. आपल्या शाळेच्या पुस्तकातला शब्द त्वरण, तोच मी इथे वापरते. हेतू चांगला आहे: बारीक कामात बाण स्थिर राहावा आणि लांब जायचं असेल तेव्हा हात उचलून ठेवावा लागू नये.

विंडोजमध्ये हे त्वरण ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ या नावाखाली असतं आणि ते आधीपासून चालूच मिळतं. नावामुळे अचूकपणा वाढवणारं काहीतरी असावं असं वाटतं, प्रत्यक्षात ते त्वरण आहे. मॅकमध्येही त्वरण असतं, पण त्याची चढण वेगळी. विंडोजच्या हाताला मॅकवर हळू हालचाल फार हळू वाटते आणि जलद हालचाल एकदम उसळी मारते. मधला पट्टा, जिथे दिवसभराचं काम चालतं, तोच सापडत नाही.

नवीन माणूस पहिल्यांदा काय करतो? वेगाची पट्टी उजवीकडे ओढतो. मग हळू हालचाल बरी होते, पण जलद हालचालीत बाण पडद्याच्या कडेला जाऊन आदळतो. म्हणून पट्टी परत डावीकडे, आणि हे दिवसभर. गाण्याचा आवाज कमीजास्त करून त्याची चाल बदलत नाही, तसंच हे आहे. तुमची अडचण वेगाची आहे की चालीची, हे आधी ठरवा. बहुतेक वेळा ती चालीची निघते.

जुनं मशीन अजून घरात असेल तर

ते विकायच्या किंवा कुणाला द्यायच्या आधी पंधरा मिनिटं काढा. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधून माऊसच्या जुन्या चौकटीत जा आणि ‘पॉइंटर ऑप्शन्स’ उघडा. तिथल्या वेगाच्या पट्टीला ११ खाचा आहेत. तुमची खूण कितव्या खाचेवर आहे ते मोजून लिहून ठेवा. कधीच हात लावला नसेल तर ती सहाव्या, म्हणजे अगदी मधल्या खाचेवर असेल. खाली ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’च्या चौकोनात टिक आहे का ते पाहा. दुसऱ्या टॅबमध्ये चाकाच्या एका खटक्याला किती ओळी सरकतात तेही लिहा. सहसा ३ असतात. माऊसवर डीपीआयचं बटण असेल तर तो सध्या कोणत्या पायरीवर आहे तेही टिपा. या बटणाला चुकून बोट लागलं आणि दोष नव्या संगणकाला दिला गेला, असं मी दोनदा पाहिलंय.

मग एक साधी मोजणी करा. माऊसशेजारी फूटपट्टी चिकटवा. बाण पडद्याच्या डाव्या कडेला टेकवा, तीन-चार सेकंद घेत माऊस बरोबर ५ सेंटिमीटर उजवीकडे सरकवा आणि बाण कुठे थांबला ते पाहा: पाव पडदा, अर्धा, पाऊण. पुन्हा डावीकडे या आणि तेच ५ सेंटिमीटर एका झटक्यात सरकवा. दोन्ही वेळा बाण जवळपास त्याच जागी आला तर त्वरण बंद आहे. झटक्यात तो बराच पुढे गेला तर चालू आहे. हे दोन थांबे म्हणजे तुमच्या हाताचं माप. कागदावर उतरवा, नव्या मशीनवर हेच माप घ्यायचंय.

जुनं मशीन गेलं असेल तरी हरकत नाही. ज्याने विंडोजच्या माऊसला कधीच हात लावला नाही, त्याचं मधली खाच, त्वरण चालू, चाकाला ३ ओळी हेच असणार.

सेटिंगला हात लावण्याआधी

बाण जड वाटणं आणि बाण चुकणं हे दोन वेगळे आजार आहेत. हात थांबल्यावरही बाण मागून येतोय, अडखळतोय, मधेच उडी मारतोय, असं असेल तर ते त्वरणाचं काम नाही आणि कोणत्याही पट्टीने ते सुटणार नाही.

मॅकच्या लॅपटॉपला बहुतेक टाईप-सी पोर्ट असतात, म्हणून आपण हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी घेतो आणि त्यातून मॉनिटर लावतो. स्वस्त हब ४के मॉनिटरला अनेकदा सेकंदाला ३० वेळाच चित्र पाठवू शकतात. लॅपटॉपच्या पडद्यावर ६० किंवा त्याहून जास्त असतात. ३० वर बाण चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. सिस्टिम सेटिंग्जमध्ये डिस्प्लेज उघडा, बाहेरचा मॉनिटर निवडा आणि रिफ्रेश रेट पाहा. ३० हर्ट्झ दिसला तर ६० चा पर्याय यादीत आहे का बघा. नसेल तर चांगल्या प्रतीची टाईप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल लावून बघा. मी पूर्ण आठवडा त्वरणाशी झगडत होते आणि त्रासाचं निम्मं कारण हे निघालं. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा आणि बाहेरचा मॉनिटर या दोन्हींवर बाण फिरवून पाहिला की फरक एका मिनिटात कळतो.

दुसरं, बिनतारी माऊसचा छोटा रिसीव्हर. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि यूएसबी ३ ची उपकरणं त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. हबमध्ये रिसीव्हर आणि शेजारीच बाहेरची हार्ड डिस्क, अशी मांडणी असेल तर मोठी फाईल कॉपी होताना बाण अडखळतो. रिसीव्हर हबच्या दुसऱ्या टोकाला न्या, नाहीतर छोटी एक्स्टेन्शन वायर लावून तो माऊसजवळ आणा.

तिसरं, पडद्याचं स्केलिंग. मॅकमध्ये ‘मोअर स्पेस’कडे सरकलात की अक्षरं लहान होतात आणि तोच पडदा पार करायला हाताला जास्त अंतर लागतं. तेव्हा अक्षरांचा आकार डोळ्यांना सोसेल असा आधी पक्का करा आणि माऊसकडे नंतर वळा.

वेग आणि त्वरण: मॅकवरची मुख्य दुरुस्ती

माऊस जोडलेला असताना सिस्टिम सेटिंग्ज उघडा आणि डावीकडच्या यादीत माऊसवर या. माऊस जोडलेला नसेल तर इथलं बरंच काही दिसतच नाही. वर ‘ट्रॅकिंग स्पीड’ची पट्टी आहे. खाली ‘ॲडव्हान्स्ड’ बटण आहे, आणि अलीकडच्या मॅकओएसमध्ये त्यात ‘पॉइंटर ॲक्सलरेशन’चा स्विच मिळतो.

आता निर्णय घ्यायचाय: त्वरण ठेवायचं की काढायचं?

मॅक बनवणाऱ्या ॲपल कंपनीच्याच माऊसवर, लहान टेबलावर किंवा फक्त ब्राउझर आणि ईमेलपुरतं काम असेल, तर मी म्हणेन त्वरण राहू द्या आणि हाताला दोन आठवडे द्या. हात शिकतो. तुमच्या वापरापुरता तो दहा दिवसांत तयार होईल आणि पुढे कुठल्याही मॅकवर बसलात तरी अडणार नाही.

काम बारीक असेल, म्हणजे मांडणी, चित्रं, नकाशे, एक्सेलमधले अरुंद रकाने, तर त्वरण बंद करून पाहा. बंद केल्यावर पहिला तासभर बाण फार संथ वाटेल, कारण झटक्याची मदत गेलेली असते. इथेच बरेच जण घाबरून ते परत चालू करतात. थांबा. फूटपट्टी काढा, जुन्या मशीनवरच्या संथ ५ सेंटिमीटरचं माप समोर ठेवा आणि ट्रॅकिंग स्पीड एकेक पायरी वाढवत तिथवर आणा. जलद मापाशी जुळवायला जाऊ नका, ते जुळणार नाही आणि जुळायची गरजही नाही.

पट्टी शेवटाला नेऊनही बाण संथच असेल, तर माऊसचा डीपीआय एक पायरी वाढवा. ८०० वरून १२०० किंवा १६०० केलात की तेवढ्याच हालचालीत जास्त आकडे जातात. सिस्टिमची पट्टी ताणण्यापेक्षा हे बरं, कारण माऊस स्वतःच बारीक मोजतो आणि पिक्सेल गाळले जात नाहीत. डीपीआयचं बटण नसलेला साधा माऊस असेल, तर हाच एक नवा खर्च मी सुचवेन: डीपीआय बदलता येणारा वायरचा माऊस.

जुनं मॅकओएस असल्यामुळे त्वरणाचा स्विच मिळत नसेल, तर लिनियरमाऊस नावाचं मोफत, मुक्त स्रोत ॲप हे काम करतं. त्यात प्रत्येक माऊससाठी वेग आणि त्वरण वेगवेगळं ठेवता येतं. ते बसवताना मॅक ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागेल. ही परवानगी मोठी आहे, तिने ॲपला तुमच्या माऊस आणि कळांच्या हालचालींपर्यंत पोहोचता येतं. म्हणून असं ॲप त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्या आणि एकाच कामासाठी तीन ॲप एकदम चालवू नका. मी दोन ठेवली होती आणि कोणतं काय करतंय ते कळेना.

बसवून झालं की हाताला थोडा सराव द्या. सरावासाठी खेळ नको, स्वतःचं काम घ्या. मी एक जुनं हस्तलिखित उघडलं आणि रोज दहा मिनिटं फक्त क्लिक करत गेले: प्रत्येक ओळीतला तिसरा शब्द, त्याच्या शेवटच्या अक्षरानंतर कर्सर. देवनागरीत हे जरा कस पाहणारं आहे. बहुतेक ॲपमध्ये कर्सर जोडाक्षराच्या पोटात शिरत नाही, तो पूर्ण अक्षराच्या अलीकडे किंवा पलीकडे उभा राहतो. ‘कर्तृत्व’सारख्या शब्दात क्लिक करण्याजोग्या जागा मोजून तीन-चारच असतात आणि वेलांट्या-रफारांमुळे डोळ्याला हद्द चटकन दिसत नाही. नेमकं क्लिक करायची धडपड कमी करायची असेल तर शब्दावर दोनदा क्लिक करा, तो पूर्ण निवडला जाईल, आणि पुढची हालचाल बाणांच्या कळांनी करा. मॅकवर ऑप्शन दाबून बाणाची कळ दाबली की कर्सर एकेक शब्द उडी घेतो. विंडोजवर हेच कंट्रोलने व्हायचं. माझी निम्मी बारीक क्लिक या एका सवयीने वाचली.

स्क्रोल उलटं का जातं

चाक खाली फिरवलं की पान वर जायचं, ही विंडोजची सवय. मॅकवर ते उलटं होतं. २०११ मध्ये मॅक ओएस एक्स लायन आलं तेव्हापासून ‘नॅचरल स्क्रोलिंग’ आधीपासून चालू असतं. कल्पना फोनसारखी आहे: आपण कागदच बोटाने ढकलतोय. ट्रॅकपॅडवर ही कल्पना पटते, कारण बोट आणि कागद दोन्ही आपल्या डोळ्यांपुढे एकाच दिशेने जातात. चाकावर मला ती कधीच पटली नाही.

अडचण अशी की मॅकमध्ये ट्रॅकपॅडच्या आणि माऊसच्या पानांवर हा स्विच वेगवेगळा दिसतो, पण तो एकच आहे. माऊससाठी बंद केला की ट्रॅकपॅडचंही बंद. ट्रॅकपॅड मॅकच्या पद्धतीने आणि चाक विंडोजच्या पद्धतीने हवं असेल तर मॉस, स्क्रोल रिव्हर्सर किंवा वर सांगितलेलं लिनियरमाऊस यापैकी एक घ्या. लॅपटॉप आणि बाहेरचा माऊस दोन्ही रोज वापरणाऱ्याने या बाबतीत हाताला शिकवण्याचा आग्रह धरू नये. एकाच दिवसात दोन दिशा हाताला पचत नाहीत, ॲप बसवून मोकळं व्हावं.

दिशा सुधारली तरी चाकाची चाल वेगळी वाटेल. विंडोजमध्ये एक खटका म्हणजे ठरलेल्या ओळी. मॅकवर चाकालाही त्वरण आहे: एक खटका हळू दिला तर पान जेमतेम हलतं आणि भरभर दिला तर धावतं. लिनियरमाऊसमध्ये ‘बाय लाइन्स’ हा पर्याय घेऊन ओळी ठरवून देता येतात. लांब कागदपत्रं वाचणाऱ्याला हे फार सुखाचं आहे.

क्लिक, कोपरे आणि पहिली फुकट गेलेली क्लिक

ॲपलचा मॅजिक माऊस असेल तर उजवी क्लिक बंद मिळू शकते. माऊसच्या पानावर ‘सेकंडरी क्लिक’मध्ये उजवी बाजू निवडा. इतर कंपन्यांच्या दोन बटणांच्या माऊसला काही करावं लागत नाही. काहीच जमलं नाही तर कंट्रोल दाबून साधी क्लिक म्हणजे उजवी क्लिक.

अंगठ्याजवळची मागे-पुढे जाण्याची बटणं मॅकवर बऱ्याच ठिकाणी मुकी राहतात. माऊसच्या कंपनीचं ॲप किंवा लिनियरमाऊस त्यांना बोलतं करतं.

आता एक असा फरक, जो कुणी सांगत नाही. मागच्या खिडकीतल्या बटणावर क्लिक केलं तर विंडोजमध्ये खिडकी पुढे येते आणि बटणही दाबलं जातं. मॅकवर बऱ्याचदा पहिल्या क्लिकने फक्त खिडकी पुढे येते, बटणासाठी दुसरी लागते. माऊस बिघडलाय असं वाटून लोक जोरजोरात क्लिक करू लागतात, मग कधी दोनदा दाबलं जाऊन भलतंच होतं. मागच्या खिडकीला पुढे न आणता हलवायची असेल तर कमांड दाबून तिची वरची पट्टी ओढा.

कोपऱ्यांचीही सवय बदलावी लागते. विंडोजमध्ये खिडकी पूर्ण पसरलेली असताना न बघता बाण वर उजवीकडे फेकला की बंद करायचं बटण सापडतं. पडद्याच्या कडेला बाण अडतो, म्हणून तिथे नेम धरावा लागत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये नेम धरण्याच्या हालचालींचा जो नियम मांडला, त्यातून हेच निघतं: लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात लवकर पोहोचतो, आणि कडेला टेकलेलं लक्ष्य बाणासाठी जणू अमर्याद खोल होतं. मॅकने हाच फायदा वरच्या मेनू पट्टीला दिलाय. ती खिडकीला चिकटलेली नसते, पडद्याच्या वरच्या कडेला असते. मेनू हवा असेल तर बाण न बघता वर फेका, तो तिथेच जाऊन टेकेल. ही सवय लागली की मॅकवरचा वेग खरोखर वाढतो. बंद करायचं लाल बटण मात्र डावीकडे आणि जरा लहान, त्यासाठी कमांड आणि डब्ल्यू शिकून घ्या.

खालचा उजवा कोपरा सांभाळा. बाण तिथे गेला की ‘क्विक नोट’चा चौकोन उगवतो. नको असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप अँड डॉक, तिथे खाली ‘हॉट कॉर्नर्स’, आणि त्या कोपऱ्यापुढे रेघ निवडा. हिरव्या बटणाने खिडकी पूर्ण पडदा व्यापते आणि मेनू लपतो. विंडोजसारखी नुसती मोठी खिडकी हवी असेल तर ऑप्शन दाबून हिरव्यावर क्लिक करा.

बाण हरवला तर माऊस झपझप हलवा, तो क्षणभर मोठा होतो. चष्मा असलेल्यांनी ॲक्सेसिबिलिटीत डिस्प्लेखाली जाऊन बाण कायमचा मोठा करावा आणि रंगही बदलावा. मी काळ्याऐवजी गडद केशरी ठेवलाय. पांढऱ्या पानावर डोळ्याला तो शोधावा लागत नाही.

ट्रॅकपॅडबद्दल थोडक्यात: ‘टॅप टू क्लिक’ चालू करा. खिडक्या ओढताना बोट दाबून धरणं जड जात असेल तर ॲक्सेसिबिलिटी, पॉइंटर कंट्रोल, ट्रॅकपॅड ऑप्शन्स इथे तीन बोटांनी ओढण्याचा पर्याय आहे. ट्रॅकपॅडचं त्वरण काढायच्या फंदात पडू नका. इतक्याशा पृष्ठभागावर त्वरणाशिवाय बाण पडद्याच्या टोकाला पोहोचणार नाही.

विंडोजवरून लिनक्सवर आला असाल तर

विंडोज १० ला मिळणारं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं आणि ज्यांची मशीनं विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती, त्यांच्यापैकी बरेच उबुंटू किंवा मिंट या लिनक्सच्या प्रकारांकडे वळले. माझ्या ओळखीतल्या एका शाळेच्या शिक्षकांचं जुनं मशीन मीच उबुंटूवर आणलं. माऊसच्या बाबतीत हा प्रवास मॅकपेक्षा सोपा आहे. दिशा तीच राहते, अंगठ्याची बटणं चालतात आणि त्वरणाचा स्विच समोरच असतो: उबुंटू २४.०४ मध्ये सेटिंग्ज, माऊस अँड टचपॅड, तिथे ‘माऊस ॲक्सलरेशन’. केडीई हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप, त्याच्या काही आवृत्त्यांत याच जागी ‘फ्लॅट’ आणि ‘ॲडॅप्टिव्ह’ असे दोन पर्याय दिसतात. फ्लॅट म्हणजे त्वरण नाही. फ्लॅट निवडून वेगाची पट्टी बरोबर मध्ये ठेवली की एका आकड्याला एक पिक्सेल.

लिनक्सचा खरा धक्का मधल्या बटणाचा. मजकूर नुसता निवडला, कॉपी न करता, आणि चाकावर क्लिक केलं की तो मजकूर तिथे चिकटतो. विंडोजमध्ये चाकावर क्लिक करून पान आपोआप सरकवायची सवय असलेल्याच्या लेखात मधेच भलती वाक्यं घुसतात आणि कुठून आली ते कळत नाही. त्या शिक्षकांच्या प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न तीन ठिकाणी आला, तो यामुळे. जीनोम ट्वीक्स बसवून ‘मिडल क्लिक पेस्ट’ बंद करता येतं. फायरफॉक्समध्ये ‘यूज ऑटोस्क्रोलिंग’ चालू केलं की चाकाची जुनी सवय तिथे तरी परत मिळते.

उबुंटूच्या सेटिंगमध्ये चाकाच्या वेगाची पट्टी नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर शोधण्यात तास जातो. केडीईमध्ये वेलँडवर, म्हणजे पडद्यावर चित्र आणायच्या नव्या पद्धतीवर, ती मिळते. डीपीआय बदलायला माऊसच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिनक्सवर बहुधा नसतं, पण पायपर हे ॲप बऱ्याच गेमिंग माऊसना हाताळतं.

दोन्ही संगणक रोज वापरावे लागत असतील तर

ऑफिसात विंडोज आणि घरी मॅक, अशी अनेकांची स्थिती आहे. इथे हाताला दोन हिशोब शिकवू नका. दोन्हीकडे त्वरण बंद करा, तोच माऊस किंवा त्याच डीपीआयचे दोन माऊस ठेवा आणि फूटपट्टीने दोन्हीकडचं माप एकसारखं करा. विंडोजवर सहावी खाच आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची टिक काढलेली, म्हणजे सरळ हिशोब. त्याच्यापुढच्या खाचांवर बाण पिक्सेल गाळत उड्या मारतो, म्हणून वेग कमी पडला तर खाच न वाढवता डीपीआय वाढवा. दोन चाली वेगवेगळ्या असतात, पण चाल नसणं दोन्हीकडे सारखंच असतं, त्यामुळे हात लवकर स्थिरावतो. ऑफिसच्या मशीनवर सेटिंग बदलायची मुभा आहे का, एवढं आधी विचारून घ्या.

पहिल्या आठवड्यात मनगट किंवा अंगठा दुखू लागला तर बाण जास्त संथ आहे का ते पाहा, कारण संथ बाणाला हात सारखा उचलून ठेवावा लागतो. वेग एक पायरी वाढवून दोन दिवस बघा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर सेटिंगमध्ये वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

सगळं जुळलं की त्या कागदावर नवे आकडे लिहा: डीपीआय, ट्रॅकिंग स्पीडची पायरी, त्वरण चालू की बंद, चाकाच्या ओळी, ॲपचं नाव. मी तो कागद माऊसपॅडच्या खाली ठेवलाय. सिस्टिमचं मोठं अपडेट झालं की कधी एखादा स्विच मूळ जागी जातो, किंवा ॲपची ॲक्सेसिबिलिटीची परवानगी पुन्हा द्यावी लागते, आणि सकाळी हात पुन्हा चुकायला लागतो. तेव्हा कागद काढायचा आणि पहिल्या ओळीपासून ताडून बघायचं.